सरावातला पाहुणा

लष्करी शाळेला साठ वर्षं झाली म्हणून शाळेने जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. मडिकेरीतली म्हातारीकोतारी झाडून गेली, कारण कॉफी फुकट होती. देचम्माही गेली. तिचा बाप कुट्टप्पा या शाळेच्या मेसमध्ये आचारी होता. तो जाऊन पन्नासहून जास्त वर्षं लोटली, पण घरात त्याचा एक फोटो नव्हता. पितरांना पान वाढायच्या दिवशी दिव्याशेजारी बाकी सगळ्यांच्या तसबिरी, आणि बापाच्या नावाने नुसता खिळा.

प्रदर्शनातले फोटो एका साच्यातले. अमुक साहेब झाड लावताना, तमुक साहेब तेच फावडं धरून त्याच खड्ड्यात झाड लावताना. मागे पोरं, काठ्या गिळल्यासारखी ताठ.

मधल्या मोठ्या फोटोला हार होता. खाली पाटी : ‘माननीय मंत्री मानवंदना स्वीकारताना, १९६७.’

देचम्माची कॉफी बशीत सांडली. तो तिचा बाप होता.

पाहुणे यायच्या आधी तीन दिवस शाळेत सराव चाले, आणि सरावाला कुणीतरी पाहुणा लागेच. मंत्र्यांच्या मापाचं पोट अख्ख्या शाळेत एकट्या आचाऱ्याचं. त्याला कोट-टोपी चढवून उभं केलं, फोटोवाल्यानेही सरावाचा एक फोटो काढून घेतला. नऊ वर्षांची देचम्मा मेसच्या पायरीवरून बघत होती. खरे मंत्री आले ते अकरा मिनिटांसाठी. पाऊस होता, ते मोटारीतून उतरलेच नाहीत. पण पाटी आधीच टाइप झाली होती, आणि टाइप झालेलं खोडायची या शाळेत रीत नाही.

“ही नजर बघा, अव्वा!” शाळेचे कर्नल उत्तय्या मिशीवर हात फिरवत आले. “जन्मजात नेता! आणि पायात? रबरी चपला! केवढा साधेपणा!”

“अगं अक्का, हा तर आपला कुट्टप्पा,” शेजारची पूवम्मा कानात कुजबुजली. “सांग की या मिशाळाला!”

“सांगते, म्हणजे फोटो जाईल अडगळीत. गप बस.”

“खाणंही साधं,” कर्नल सांगतच होते. “कट्टर शाकाहारी. मटणाचा वासही चालत नसे.”

“असं का!” देचम्मा म्हणाली. “साहेब, या थोर माणसाचा एक फोटो मिळेल का? घरी लावीन म्हणते.”

कर्नलांनी टाचा जुळवल्या. “आजकालच्या पोरांना तुम्हाला दाखवायला हवं, अव्वा!”

पंधरा दिवसांनी शाळेची जीप दारात आली. शिपायाने चौकट देचम्माच्या हाती दिली आणि मागे सरून फोटोला कडक सलाम ठोकला.

पितरांच्या दिवशी कुट्टप्पा खिळ्यावर चढला. पूवम्माने कात्री पुढे केली. “ती खालची पाटी तेवढी काप.”

“राहू दे. जन्मभर त्याला ‘ए आचारी’ म्हणाले. आता माननीय म्हणतायत, तर म्हणू देत.”

मग तिने बापाच्या पानात डुकराचं कालवण वाढलं, आणि चरबीचे दोन तुकडे निवडून वर ठेवले.