दाक्षायणीच्या रंगाचा मॉनिटर

"काका, हे कापडाचं दुकान न्हाय," काउंटरवरची रेश्मा म्हणाली.

"म्हाईत हाय की," असं म्हणून तिप्पण्णाने पिशवीतली डाळिंबी साडी काढली आणि समोरच्या मॉनिटरला लावून धरली.

मॉनिटरवर पोपट होता. नव्या पेठेतल्या त्या दुकानात ओळीने मांडलेल्या सगळ्याच मॉनिटरांवर तो एकच पोपट बसला होता आणि प्रत्येक मॉनिटरवर तो निराळ्या हिरव्या रंगाचा होता. कुठल्याशा परदेशी जंगलातला. कंपनीवाल्यांनी त्याला या कामावर नेमलं होतं ते बहुधा एवढ्यासाठीच, की त्याचा खरा रंग सोलापुरात कोणी पाहिलेला नाही.

"पोपट काढा," तिप्पण्णा म्हणाला. "ह्यातला फोटो लावा." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला.

पेनड्राइव्हमध्ये त्याच साडीचा फोटो होता. आदल्या दिवशी गच्चीवर, कोवळ्या उन्हात, शेजारी पांढरा कागद धरून, कॅमेरा नीट लावून त्याने तो काढला होता. हातात साडी, पडद्यावर साडी. दोन्ही सारख्या दिसल्या की मॉनिटर खरं बोलतो असं समजायचं. रंग मोजायचं यंत्र बाजारात मिळतं, पण ते मॉनिटरहून महाग पडतं. साडी घरात होती. नेसणारं कोणी नव्हतं.

एवढ्यात दुकानाचा मालक इंद्रजीत आला. दुकानात साडी दिसल्यावर मालकाला यावंच लागतं.

"बोला अण्णा. कशासाठी पायजे मॉनिटर?"

"फोटोचं काम हाय."

"मग हा घ्या. गेमिंगचा. लई फास्ट. एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलतंय."

"माझ्या फोटोतली माणसं हालत न्हाईत," तिप्पण्णा म्हणाला. "हार घालायचे फोटो असत्यात."

इंद्रजीतने दु:खी चेहरा करावा की नाही याचा थोडा विचार केला आणि नाही करायचा असं ठरवलं.

"कलर किती टक्के दाखवतो?" तिप्पण्णाने विचारलं.

"शंभर टक्के कलर, अण्णा. ब्लॅक अँड व्हाइट आता येतच न्हाय."

तिप्पण्णाची उमेदीची सगळी वर्षं भवानी पेठेतल्या एका कलर लॅबमध्ये गेली होती. लॅब बंद पडली तेव्हा मालकाने त्याला त्याचा कॉम्प्युटर घरी नेऊ दिला. मॉनिटरसकट, कारण तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नव्हता. लॅबमध्ये त्याच्या कामाला 'करेक्शन' म्हणत. करेक्शन म्हणजे लग्नाच्या अल्बममधल्या नवरीला गोरं करणं, मग तिच्या आईला गोरं करणं, मग नवऱ्याच्या बहिणीने तक्रार केली की तिलाही करणं. पेठेत उजळ घरं फार होती असं नाही, पण पेठेतल्या कपाटांत अल्बम उजळ होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. मुलीच्या लग्नात मांडव घालतात, रोषणाई करतात, तसंच हे.

स्वतःच्या लग्नाचा अल्बमही त्यानेच केला होता. हौसेने. दाक्षायणीने तो मांडीवर घेऊन शेवटपर्यंत पाहिला, मिटला आणि विचारलं, "ही कोन? तुमची पयली बायको काय?" त्यावर तो पुष्कळ हसला, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत तेच करत राहिला.

दाक्षायणीला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाला नातेवाईक यायचे होते, भिंतीवर मोठा फोटो लागायचा होता. तो फोटो तिच्याच रंगाचा हवा, असं तिप्पण्णाने ठरवलं होतं. जुना मॉनिटर हल्ली सगळं जग कावीळ झाल्यासारखं पिवळं दाखवायचा. तिप्पण्णा तेवढं पिवळं मनातल्या मनात वजा करून काम करी आणि गिऱ्हाइकांची कामं बरोबर निघत. पण बायकोच्या तोंडाचा रंग त्याला वजाबाकी करून काढायचा नव्हता.

गेमिंगच्या मॉनिटरचा पडदा आत वळलेला होता. त्यावरच्या साडीचे काठ तिप्पण्णाकडे झेपावत होते, आणि डाळिंबी रंग असा पेटला होता की ही साडी नेसून बाई रस्त्यावर आली असती तर रिक्षा थांबल्या असत्या.

"लई भडक."

"भडक न्हाय काका, व्हिव्हिड," रेश्मा म्हणाली.

दुसऱ्या मॉनिटरवर रंग जमल्यासारखा वाटला. तिप्पण्णा खुर्चीत बसून बघत होता. नीट बघावं म्हणून उठला, तर साडी वांगी रंगाची झाली. बसला, पुन्हा डाळिंबी. उठला, वांगी. असं दोनतीनदा झाल्यावर इंद्रजीत म्हणाला, "अण्णा, तुमी बसूनच काम करता न्हवं? मग उठता कशाला?"

"चहा कोन करनार मग?"

कोपऱ्यात, प्रिंटरच्या खोक्यांमागे, एक साधा मॉनिटर होता. पोपट त्याच्यावरही होता, पण आजारी वाटावा असा.

"तो आयपीएस हाय का? कुठनं बी बघा, रंग बदलत न्हाय तसला?"

"हाय, पन तो कुनी घेत न्हाय," इंद्रजीत म्हणाला. "फिका दिसतो. हाफिसवाले नेतात दोनचार, टेंडरमध्ये."

"दारात नेऊन दाखवा."

"काय?"

"उजेडात. साडी घेताना बायका दारात नेऊन बघत्यात की न्हाय? दुकानातल्या ट्यूबखाली समदंच छान दिसतं."

इंद्रजीत या धंद्यात आल्यापासून मॉनिटर दारात नेऊन दाखवा असं म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच होतं. पण त्याची आई साड्या अशाच घेत असणार, कारण तो वाद न घालता एक्स्टेन्शनची वायर सोडू लागला. रेश्माने मॉनिटर उचलून दारातल्या स्टुलावर ठेवला, वरून सावलीला स्वतःची ओढणी धरली. रस्त्यावरची चार माणसं थांबली. तिप्पण्णाने साडीचा पदर पडद्याशेजारी धरला.

डाळिंबी शेजारी डाळिंबी. मोरपंखी काठाशेजारी मोरपंखी काठ. तिप्पण्णा बसला, उठला, डावीकडे गेला, उजवीकडे आला. साडी साडीच राहिली.

"मॅचिंग झालं की ओ काका!" रेश्मालाच आनंद झाला. मग तिने पदराला हात लावून पाहिला. "काकूंना आनायचं होतं की. चांगल्या साडीची घडी मोडून पिशवीत आनली. कुटं हायत काकू?"

"तिला आता यायला जमत न्हाय."

"गुडघे का?"

"हूं," तिप्पण्णा म्हणाला आणि साडीची घडी घालू लागला. घडी एकट्याला नीट घालता येईना, तेव्हा रेश्माने दुसरं टोक धरलं.

घरी येऊन त्याने मॉनिटर खिडकीशी मांडला आणि दाक्षायणीचा फोटो उघडला. सगळ्या अल्बमांतून ती गोरी होती, त्यामुळे अल्बम बाद. उरला होता एकच, शेजारणीने मोबाइलवर काढलेला: गच्चीवर शेंगा वाळत घातलेल्या, दाक्षायणी हीच साडी नेसून बसलेली, कोणीतरी हाक मारली म्हणून मान वळवलेली. या फोटोला तिप्पण्णाने कधी हात लावला नव्हता.

साडी अगदी बरोबर होती. शेंगा बरोबर होत्या, गच्चीचा गिलावाही बरोबर होता. दाक्षायणीचं तोंड तेवढं दुधात बुडवून काढल्यासारखं होतं.

तो बराच वेळ बघत राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मोबाइलने आपणहून करेक्शन केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या बहिणीने तक्रार केली नव्हती. चेहरा दिसला की गोरा करायचा, एवढं त्याला कारखान्यातूनच शिकवून पाठवलं होतं. ज्या कामावर तिप्पण्णाने जन्म काढला ते काम मोबाइल पगाराशिवाय करत होता, आणि नको त्या दिवशीही करत होता.

त्याने पुण्याला मुलाला फोन लावला.

"मॉनिटर कशाला आणला बाबा?" मुलगा म्हणाला. "तुम्हाला ॲपवर करून पाठवला होता ना फोटो, आई हसतेय तो?"

तो फोटो आला होता. त्यात दाक्षायणीचे सगळे दात होते. पडलेले दोनही.

"ते र्‍हाऊ दे. मला एक सांग. आईचा रंग कसा होता?"

"रंग?" पलीकडे कोणाशी तरी हिंदीत दोन वाक्यं बोलून मुलगा परत फोनवर आला. "रंग म्हणजे... गोरीच होती की आई."

"हां," तिप्पण्णा म्हणाला. "ठेवतो."

मुलावर रागवण्यात अर्थ नव्हता. त्याने आई जितकी पाहिली होती त्याहून जास्त वेळा अल्बम पाहिला होता.

मग तिप्पण्णाने स्वतःच्या आठवणीवर काम सुरू केलं. चेहरा निवडायचा, माऊसने रंग थोडा थोडा उतरवत न्यायचा आणि हीच ती असं वाटलं की थांबायचं. सकाळी थांबला ती जागा दुपारी खोटी वाटली. दुपारची संध्याकाळी. भवानी पेठेतल्या कुठल्या घरातली सून किती सावळी हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. कारण ते पुसण्याचे त्याला पैसे मिळत. दाक्षायणी रोज समोर होती, म्हणून तिच्याकडे तसं बघितलंच गेलं नव्हतं. मॉनिटर खरं दाखवायला तयार होता. त्याला खरं काय ते सांगणारं माणूस घरात नव्हतं.

शेवटी त्याने दुधनीला महादेवीला फोन केला. महादेवी दाक्षायणीची थोरली बहीण.

ती सकाळच्या गाडीने आली. कडक भाकरीचा गठ्ठा, शेंगाचटणीचा डबा, आणि आल्या आल्या सूचना, की घरी यजमान गुरुसिद्धप्पा एकटे आहेत, त्यांना चहासुद्धा करता येत नाही, तेव्हा संध्याकाळच्या गाडीने जायलाच पाहिजे. वर्षभरात त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. तिप्पण्णाने दोन कप चहा टाकला आणि साखर किती हे विचारताना त्याला बरं वाटलं.

महादेवी खुर्ची ओढून मॉनिटरसमोर बसली.

"अय्य! ही कोन गोरीगोमटी?"

"दाक्षायणी."

"काय बी. हिच्या शेजारी मी बसले तर हिची कामवाली वाटीन." मग ती गंभीर झाली. "तिप्पण्णा, खरा रंग लावनार तुमी? लोक काय म्हनतील? जितेपनी गोरी ठेवली आनि मेल्यावर काळी केली बायकोला."

"म्हनू दे की."

"मग बरोबर हाय," महादेवी म्हणाली आणि उजवा हात पडद्याशेजारी धरला. लगेच मागे घेतला. "ह्यो न्हाय, ह्यो रानातल्या उन्हानं रापलाय." तिने डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. बांगड्यांखाली झाकलेली मनगटाची जागा उघडी पडली. "ह्ये बघा. लहानपनी आमी दोघी असंच हाताला हात लावून बघायचो, जास्त काळी असंल ती हरली. रोज दाक्षीच हरायची, आनि रोज म्हनायची उद्या बघू."

"तुमच्यापेक्षा किती?"

"चहात एक चमचा दूध कमी. बास."

तिप्पण्णाने माऊस धरला. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. चेहऱ्यावरचं दूध हळूहळू उतरू लागलं.

"अजून," महादेवी म्हणाली.

त्याने उतरवलं.

"अजून की. भ्याला का? ती काय रागवायची न्हाय."

गाल आले. हनुवटीवरचा तीळ, जो मोबाइलने पुसट केला होता, तो वर आला. महादेवीचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. पडद्याच्या उजेडाने तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. "मला त्या उजेडाकडं बघवत न्हाय," ती म्हणाली. "मी डोळे मिटून बसते. हात हितंच ठेवते. तुमी करा. झालं की सांगा, म्हंजे निघायला."

तिने खुर्चीला डोकं टेकलं. तिप्पण्णाने एकदा मनगट पाहिलं, एकदा चेहरा. थोडं खाली घेतलं. थोडं वर. मग चहातलं एक चमचा दूध कमी केलं.

गच्चीवर शेंगांजवळ दाक्षायणी बसली होती आणि हाक आली म्हणून मान वळवून बघत होती.

बाहेर रस्त्यावर रद्दीवाला ओरडत गेला. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार आपटलं. महादेवीचा श्वास सावकाश चालला होता. हातावर बांगड्यांचे वळ दिसत होते.

"झालं का ओ?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"थोडं र्‍हायलंय," तिप्पण्णा म्हणाला, आणि माऊसवरचा हात काढून त्याने मांडीवर ठेवला.