मुठीत धरलेला झगा

मित्रांनो, ब्रिस्टलच्या एका नाट्यगृहात, रंगमंचामागे कपड्यांची खोली आहे. तिथे दाराजवळच्या खुंटीवर एक लाल, जडशीळ झगा टांगलेला असतो. तो मी. रंगभूमीवरच्या राजांचा मी एक जुना झगा आहे. घराणं मात्र राजाचं नाही, पडद्याचं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि कापड रेशनवर मिळत होतं. एडना प्रूएट नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नाट्यगृहाचा विटलेला मखमली पडदा उसवला, त्यातले धड राहिलेले तुकडे जोडले आणि कडेला सशाची कातडी लावून तिच्यावर शाईचे ठिपके दिले. लांबून बघणाऱ्याला ती उंची फर वाटायची. मलाही पुढेपुढे तसंच वाटू लागलं.

मला अंगावर घेणार होते नामांकित नट हंफ्री ऐन्स्ली. त्यांच्या नाटकाला लोक सकाळपासून घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन रांगेत बसत. नाटक शेकडो वर्षांपूर्वीचं, पद्यातलं. शेवटी म्हातारा राजा मुलाला शोधत रणांगणावर येतो आणि त्याला मुलाचं प्रेत दिसतं. त्या क्षणी ऐन्स्ली काहीच बोलत नसत. डाव्या हाताने माझी कड छातीशी आवळत आणि मूठ तशीच ठेवून उभे राहत. नाट्यगृहात हुंदके ऐकू येत. वर्तमानपत्रांनी त्या मुठीवर रकानेच्या रकाने लिहिले. नाटक शिकणारी मुलं आरशासमोर उभी राहून तशी मूठ वळून बघत.

माझी कड मात्र तेवढ्या जागी पार चुरगळली. एडनाबाई रोज तिच्यावर वाफ धरत आणि पुटपुटत, "जरा हळू धर रे बाळा. मखमल आहे, दोरखंड नाही."

"हळू धरता आलं असतं तर काय पाहिजे होतं, एडना," ते हसून म्हणत.

पुढे त्यांचे गुडघे धरले. एके दिवशी त्यांनी क्लाइव्ह रडकिन या तरुण नटाला बोलावलं आणि मला त्याच्या खांद्यावर टाकलं. क्लाइव्ह गोदीतल्या मजुराचा मुलगा. सर्वांत वरच्या, स्वस्त बाकांवर बसून त्याने ऐन्स्लींचं नाटक इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांची प्रत्येक हालचाल त्याला पाठ होती. त्याने मूठही हुबेहूब वळली. पण प्रेक्षक खोकत राहिले. एका वर्तमानपत्राने लिहिलं, 'झगा आला, राजा आला नाही.'

त्या आठवड्यात दुपारच्या खेळानंतर क्लाइव्ह मला मांडीवर घेऊन मेकअपच्या खोलीत बसला होता. दार ढकलून ऐन्स्ली आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गोड पावांची पिशवी.

"बघितलंत?" क्लाइव्हने विचारलं.

"बघितलं. आवाज माझ्यापेक्षा बरा आहे तुझा."

"माझी मूठ चुकते. कुठे चुकते तेवढं सांगा. मी जास्त वर धरतो का?"

ऐन्स्ली खुर्चीत टेकले. काठी बाजूला ठेवून त्यांनी डावा हात टेबलावर उघडा ठेवला. हात थरथरत होता. त्याखाली पावडरचा डबाही खडखडू लागला.

"लढाईवरून आलो तेव्हापासून हा असा आहे," ते म्हणाले. "त्या प्रसंगात तर आवरायचाच नाही. लोकांना दिसू नये म्हणून झग्यात लपवायचो."

"म्हणजे ती मूठ म्हणजे अभिनय नव्हता?"

"दुःख राजाचं होतं. मूठ ही माझी अडचण होती. आणि तू माझी अडचण घोकत बसलास, गाढवा."

क्लाइव्ह हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "मग मी काय करू?"

"तुझा हात कापतो का?"

"नाही."

"मग मोकळा सोड. काय करायचं ते त्याचं त्याला सुचेल. पाव खा आता, गार होतोय."

त्या संध्याकाळी क्लाइव्हने मला धरलंच नाही. तो वाकला आणि मेलेल्या मुलाच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावू लागला, थंडीत बाहेर निघालेल्या पोराचं बाप लावतो तसं. कोणीही खोकलं नाही.

पुढची वर्षं क्लाइव्हची होती. मग ऐन्स्ली गेले, एडनाबाई गेल्या. क्लाइव्ह म्हातारा झाला. राजेसुद्धा कोट-पँट घालून रंगमंचावर येऊ लागले. माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. ओल आली, कसर लागली. कितीतरी वर्षं मला कोणी झटकलंसुद्धा नाही.

अलीकडे पेटी उघडली ती अजोआ मेन्सा या नटीसाठी. राजाची भूमिका या वेळी ती करणार होती. अंगाने लहानखुरी; मी तिच्या पायांमागे फरफटू लागलो. खालून हातभर कापड कापावं लागणार होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई घाबरल्या. "ऐन्स्लींच्या झग्याला कात्री लावायची? त्यापेक्षा काचेच्या कपाटात ठेवू." मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? काचेआड मला कोणी कापणार नव्हतं.

निर्णयासाठी क्लाइव्हला बोलावलं. "जरा चालून दाखव गं," तो अजोआला म्हणाला. ती दोन पावलं चालली आणि माझ्यात पाय अडकून धडपडली.

"काप," क्लाइव्ह म्हणाला.

"आणि ऐन्स्ली काय म्हणाले असते?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"म्हणाले असते, राजा तोंडावर पडायला नको."

कात्री लागली. दुखलं नाही, फक्त हलकं वाटलं.

पहिल्या खेळाला अजोआने ना मूठ वळली, ना बटण लावलं. तिने गळ्याशी माझी गाठ सोडली, मला खांद्यावरून उतरवलं आणि मुलाच्या अंगावर हनुवटीपर्यंत पांघरलं. मग पातळ सदऱ्यात, थंडीने आखडल्यासारखी ती त्याच्याजवळ बसून राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, त्यांची कसर झटका, फाटलं तर रफू करा. पण कोणाच्या उपयोगी पडत असतील तर त्या कपाटात कोंडू नका, कापाव्या लागल्या तरी. आयुष्यभर मी राजांच्या पाठीवर होतो. राजा रडताना कसा दिसतो, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.