हुकूम राहू दे

सोडचिठ्ठी झालेली लेक माहेरी असली, की बापापेक्षा भावकीलाच जास्त घोर लागतो! कसबा बावड्यातल्या आकारामांच्या सोप्यात, घराच्या पुढच्या ओसरीत, २००८ सालच्या त्या सकाळी हेच चालले होते. त्यांची थोरली संयोगिता नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून राजवीरपासून सोडचिठ्ठी घेऊन वेगळी झाली होती. कोर्टाने हुकूमही दिला होता: राजवीरने तिच्यावर हात उचलायचा नाही, तिच्या दारात यायचे नाही. आता आकारामांचा धाकटा भाऊ हंबीरराव त्याच दोघांचे पुन्हा लग्न लावायला निघाला होता. धाकट्या लेकीचे स्थळ अडू नये म्हणून आकारामही राजी झाले होते.

हुकूम मोडू नये यासाठी भावकीने डोकेही चालवले. नवरदेवाला कारखान्याच्या रस्त्यावर जीपमध्ये बसवले आणि सुपारी इकडे ताटात मांडली!

"पोरी, त्येची एकच अट हाय," हंबीरराव म्हणाला. "आधी हुकूम मागं घे."

संयोगिताने पदर खोचला. "दारात यायची बंदी मी उठवून घेते, काका. पण हात उचलायचा न्हाय, एवढं ऱ्हाऊ दे. मग मी लग्नाला तयार हाय."

"नवऱ्याच्या डोक्यावर कोर्ट? लोक हसतील की!"

आकारामांची थोरली बहीण धोंडुबाई उंबऱ्याशी बसली होती. ती कडाडली, "ज्याला मारायचंच न्हाय, त्येला हुकमाचं भ्या कशाला रं? जा, इच्चारून ये!"

हंबीरराव तणतणत गेला. थोड्या वेळाने तो परतला.

"काय म्हणाला?" आकारामांनी विचारले.

"म्हणतोय, बायकोला दोन द्यायची बी मोकळीक नसंल, तर लगीन कशाला करू?"

आकारामांना आता उमगले. लोकांच्या तोंडाला घाबरून आपण पोरीला कुठे ढकलत होतो! ते ताडकन उठले.

"हंबीरा, जीप माघारी धाड. हे लगीन व्हणार न्हाय!"

"आणि धाकटीचं, दादा?"

"थोरलीनं मार खाल्ला तरच जमणारं स्थळ मला नगो!"

संयोगिता बापाजवळ गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

वाचकहो, लग्न ही मारहाण मिटवण्याची तोड नव्हे. लेकीला कोर्टाने दिलेले संरक्षण सोडायला सांगण्याआधी, ते समोरच्याला का खुपते, एवढे विचारा. आणि मिळेल ते उत्तर खरे माना!