फळी मागे घे

पक्षाघाताने दशरथ गजभिये यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली, तेव्हा घरच्यांना हातापेक्षा वाचेचं दुःख जास्त झालं. विक्रीकर खात्यातली नोकरी त्यांनी निमूटपणे केली, पण जयंतीच्या सभेत माइकसमोर उभे राहिले की स्वारगेटमागची अख्खी वस्ती कान देऊन ऐकायची. आता त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'नाही' आणि 'चल'. तेही भलत्याच ठिकाणी यायचे.

मुलगी आम्रपाली हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई सांगत, हात वापरात ठेवा. पण रबरी चेंडू हातात दिला की दशरथराव तो सरळ जमिनीवर सोडून देत. एका शुक्रवारी ऑफिसात गंमत म्हणून एक खेळ मांडला होता. तिरकी फळी, तिला भोक, आणि लांबून त्यात दाण्यांच्या पिशव्या टाकायच्या. आम्रपालीच्या डोक्यात तो घोळत राहिला. रविवारी तिने सुताराकडून प्लायवूडची फळी कापून आणली. आईने, हिराबाईंनी, जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवल्या आणि आत चिंचोके भरले. वडिलांची मूठ वळत नव्हती, म्हणून प्रत्येक पिशवीला नाडीची कडी लावली. ती बोटांत अडकवायची आणि खांद्यातून हात झुलवायचा. झोका पुढे गेला की पिशवी आपोआप निसटायची.

तरी दशरथराव एकटे खेळेनात. शेवटी तळमजल्यावरचे दीक्षित सर काठी टेकत बाहेर आले. निवृत्त शिक्षक, मधुमेहाने दोन्ही डोळे गेलेले.

"मलाही घ्या," ते म्हणाले. "आंधळ्याला हरवायला तरी दशरथराव खेळतील."

सरांसाठी भोकामागे टिकटिकणारं गजराचं घड्याळ ठेवलं आणि खाली स्टीलची थाळी. पिशवी आत पडली की ठण्ण वाजायचं. मग शनिवार-रविवारी सकाळी पार्किंगमध्ये हा खेळ रंगू लागला. सरांच्या पिशव्या हळूहळू आत पडायला लागल्या. दशरथरावांच्या मात्र अलीकडेच पडत. तरी ते 'चल' म्हणून पुढची पिशवी मागत.

अशात मॅनेजरने आम्रपालीला केबिनमध्ये बोलावलं. अमेरिकेत क्लायंटकडे एक वर्षाचं काम होतं. "लवकर सांग," तो म्हणाला. तिने घरी अवाक्षर काढलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, हात यायचा तेवढा आला. अशा वडिलांना आईवर टाकून जायला तिचं मन घेत नव्हतं, आणि न जायलाही घेत नव्हतं. वडील सुधारताहेत असं दिसलं असतं, तर प्रश्नच मिटला असता.

त्या शनिवारी तिने फळी खेळणाऱ्यांकडे वीतभर पुढे सरकवून मांडली. पुढच्या शनिवारी आणखी थोडी.

आणि दशरथरावांची पिशवी पडली. ठण्ण! त्यांचा अर्धा चेहरा हसला. हिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आम्रपालीने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

सरांचं मात्र बिनसलं. त्यांच्या पिशव्या फळीवरून पलीकडे जाऊन स्कूटरवर आदळायच्या. त्यांनी दोन-तीनदा नेम बदलला. मग एका रविवारी ते पिशवी मांडीवर ठेवून बसून राहिले.

"आम्रपाली, घड्याळाला पाय फुटलेत का?"

"म्हणजे, सर?"

सर उठले. काठीने चाचपत, पावलं मोजत फळीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. "मला वाटलं माझाच अंदाज गेला. डोळे गेले, आता हातही चालला. घरात कोणाला बोललो नाही, पण झोप लागत नव्हती. मला आंधळं साखरेने केलं, तेवढं पुरे होतं. तू आणखी कशाला?"

"पप्पांना बरं वाटावं म्हणून..."

"अगं, खरं काय ते सांग," हिराबाई म्हणाल्या. आईला कुणकुण लागली असावी. आम्रपालीने खाली बघत अमेरिकेचं सांगून टाकलं. सर घरात गेले आणि दार लागलं.

दशरथराव फळीकडे बघत होते. ओठ वेडेवाकडे झाले, मानेच्या शिरा ताठल्या.

"मा... मागे," ते म्हणाले. आजारानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. "मागे. घे."

तिने फळी मागे नेली. त्यांनी पिशवी टाकली, अलीकडे पडली. दुसरीही तशीच. ती गोळा करून आणून देत होती आणि ते टाकत होते. शर्ट घामाने भिजला तरी थांबेनात. एकही आत गेली नाही.

वर आल्यावर आई म्हणाली, "तुला जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण त्यांच्या हाताला साक्षीला उभं करू नकोस."

आम्रपालीने मॅनेजरकडे थोडी मुदत मागितली. क्लायंट थांबायला तयार नव्हता. तिच्या जागी टीममधला संतोष गेला आणि तिथून बर्फाचे फोटो पाठवू लागला. ते बघून ती घरी आदळआपट करायची, वडिलांना जेवण वाढताना ताट जोरात ठेवायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून बाल्कनीत जाऊन उभी राहायची.

पार्किंगमधला खेळ बंदच पडला होता. एका सकाळी ती सरांच्या दारात गेली. "सर, चुकलं माझं. या ना खेळायला."

"फळी कुठे आहे?"

"होती तिथेच ठेवते."

"ते तूच सांगणार. मी कशावरून मानू? यापुढे मला दशरथराव सांगतील. तू मध्ये बोलायचं नाही."

"त्यांना बोलता येत नाही, सर."

"मला दिसत नाही. मग?"

रविवारी दोघं पुन्हा खुर्च्यांवर बसले. सरांनी पहिली पिशवी टाकली. थाळी वाजली नाही.

"दशरथराव, कुठे पडली?"

"नाही," दशरथराव म्हणाले.

"नाही ते मलाही कळलं. कुठे?"

आम्रपालीने तोंड उघडलं. सरांनी तिच्या दिशेने काठी उचलली. दशरथरावांनी डोळे मिटले, डावा हात मांडीवर आपटला. वॉचमनसुद्धा झाडायचा थांबला.

"डा... डावी."

"बरं," म्हणून सरांनी दुसरी पिशवी थोडी उजवीकडे टाकली. तीही बाहेर गेली. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि दशरथराव पुन्हा शब्द शोधू लागले. आम्रपाली पायरीवर ओठ मिटून बसली होती. तिला शब्द माहीत होता. पिशवी तिच्या पायाजवळच पडली होती.