पत्र कुणाच्या मालकीचं?

लेकीचा फोन येऊन तीन आठवडे उलटले होते.

"कामात असेल," प्राध्यापक म्हणाले.

"कामात कसली! तुमच्यावर रागावलीय ती," बायको म्हणाली.

प्राध्यापक कायद्याचे. लेखकाचे हक्क आणि माणसाचं खासगीपण, या विषयांत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दरवर्षी पहिल्या तासाला ते वर्गात एक जुनं पत्र वाचून दाखवायचे. लेकीनं पंधराव्या वर्षी, गणितात नापास झाल्यावर, वसतिगृहातून लिहिलेलं: ‘बाबा, मला रोज रडू येतं. मी तुमच्यासारखी हुशार नाही. मला घरी न्या.’ मग विचारायचे, "या पत्राचा मालक कोण?" आणि स्वतःच सांगायचे, "कागद माझा, पण शब्द माझ्या लेकीचे!" वर्ग टाळ्या वाजवायचा.

यंदा कॉलेजनं त्या तासाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. लेक आता शाळेत गणित शिकवते. एका सकाळी ती वर्गात शिरली, तर फळ्यावर लिहिलेलं: ‘बाबा, मला घरी न्या.’

बायकोकडून हे ऐकून प्राध्यापक गडबडले. "पण मी तिचं नाव कुठे घेतलं?"

"‘माझी लेक’ म्हणालात ना? आपल्याला लेकी आहेत तरी किती?" बायकोचा आवाज चढला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! जगाला सांगता, परवानगी घ्या. तिला एकदा तरी विचारलंत?"

वीस वर्षांत एकदाही नाही! विचारायला हवं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्यांनी त्याच दिवशी कॉलेजला व्हिडिओ काढून टाकायला लावला. पण तोवर तो हातोहात पसरला होता. मग ते लेकीकडे गेले. तिनं पाणी आणून दिलं.

"चुकलो गं," ते म्हणाले.

"मुलं हसली, त्याचं काही नाही, बाबा. मुलं हसायचीच. पण ते मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं."



आता लेकीचा फोन येतो. बाबांच्या गुडघ्याची चौकशी करते, औषधांची आठवण करून देते. मनातलं मात्र आईलाच सांगते, तेही बाबा जवळ नाहीत ना, हे विचारून. फोनमधला तो प्रश्न कानावर आला, की प्राध्यापक उठून दुसऱ्या खोलीत जातात.

वाचकहो, आपणही मुलांचे गुण, आजारपणं, रडणं कौतुकानं चारचौघांत मांडतोच की! पण आपलं माणूस म्हणजे आपली मालमत्ता नव्हे. विश्वासानं सांगितलेलं जपायचं असतं. विचारायला क्षणभर लागतो. न विचारल्याची भरपाई मात्र कुठल्याच कायद्यात नाही.