डबल स्टँडवर

सहावा ढोल विभाने गडगडत हॉलमध्ये आणला, सोफ्याला टेकवला आणि सातव्यासाठी परत गॅरेजकडे वळली.

"अगं, मंडळाची वस्तू आहे ती," गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेला दिलीप म्हणाला. "घरभर काय मांडतेस?"

"मंडळाला ढोल गणपतीत लागतात. मला गॅरेज आज लागतंय."

एवढं बोलून ती आत शिरलीसुद्धा. तीस वर्षांच्या संसारात दिलीपला एक गोष्ट पक्की कळली होती. विभाने ओढणी कमरेला घट्ट बांधली की मध्ये पडण्यात काही अर्थ नसतो.

गॅरेज कसलं, बेटाच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगमधल्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीत त्यांच्या जुन्या घराच्या कडेला पत्रा टाकून काढलेली बोळवजा खोली होती ती. मंडळाचा सेक्रेटरी असताना दिलीपनेच मोठ्या तोंडाने "ठेवा की आमच्याकडे" म्हटलं होतं. तेव्हापासून नऊ ढोल, मखराच्या फळ्या, सतरंज्या आणि कुणीच न्यायला न आलेला चहाचा एक समोवार तिथे मुक्कामाला होते. त्याची मोटरसायकल मात्र बाहेर पोर्चमध्ये. रोज शिपयार्डला जात होती तोवर ठीक होतं. पण हिवाळा म्हणून या बेटावर येतो तो नुसता पाऊस, आणि तोही आडवा. नोव्हेंबर संपत आला होता. दोन महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर तांबूस ठिपके दिसायला लागले होते.

दोन महिने, कारण सप्टेंबरअखेर दिलीपच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण हात हट्टाला पेटला. मूठ वळायची, आवळायची मात्र नाही. गुरुवारी तो एकटाच थेरपीला गेला होता. तिथल्या पोरीने त्याला एक यंत्र दाबायला दिलं, त्यावरचा आकडा पाहिला, पुन्हा दाबायला दिलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अंकल, मोटरबाइक नो मोअर." क्लच डाव्या हाताला असतो. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन त्याने "सुधारतंय" एवढंच सांगितलं.

आणि आज रविवार. जो माणूस ही गाडी पुन्हा चालवणारच नाही, त्याच्यासाठी ही बाई सकाळपासून घामाघूम होतेय. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं करत दिलीपने सात ढोल मोजले होते. भीती होती ती तिच्या चेहऱ्याची. दवाखान्यात पहिल्या रात्री तो खचलेला चेहरा त्याने पाहिला होता. पुन्हा पाहायची त्याच्यात हिंमत नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. इथेच वाढून इथल्यासारखंच बोलणारी, ईस्ट कोस्टला राहणारी लेक, ऋता. विभाचे हात मळलेले, म्हणून तिने कोपरानेच स्पीकर लावला.

"मम्मा, व्हॉट्स दॅट नॉइज?"

"गाडी आत घेतेय. मार्चपर्यंत नीट ठेवायची आहे."

"अय्यो, जस्ट सेल इट लाह! बाबा इज नॉट..." ऋता अडखळली. "आय मीन, कोण चालवणार?"

दिलीपने खुर्ची दारातून बाजूला सरकवली.

"तू जेवलीस का?" विभा म्हणाली, आणि जेवणाचं विचारून झाल्यावर तिने फोन ठेवून दिला.

नऊच्या नऊ ढोल हॉलमध्ये गेले. फळ्या भिंतीला उभ्या लागल्या. मग तिने पोर्चमधून गाडी ढकलत आणली. हँडल दाराच्या चौकटीत अडकलं. तिने मागे घेतली, हँडल वळवलं, पुन्हा ढकलली, पुन्हा अडकली. शेवटी त्याच्याच्याने राहवेना.

"आधी पुढचं चाक आत घे. मग हँडल उजवीकडे. पूर्ण उजवीकडे! हां, आता मागून रेट."

गाडी आत आली. विभाने भिंतीवर चिकटवलेला कागद वाचला. मेकॅनिककडून तिने सगळं विचारून, मराठीत लिहून आणलं होतं. टाकी काठोकाठ भरणे, म्हणजे आत गंज धरत नाही. ते तिने कालच, पेट्रोल पंपापर्यंत गाडी ढकलत नेऊन, उरकलं होतं. बॅटरीची वायर काढणे.

"आधी निगेटिव्ह," दिलीप म्हणाला.

"लिहिलंय."

"लिहिलंय ते ठीक, पण काळी वायर निगेटिव्ह. लालला हात लावू नकोस."

"अहो, एवढी काही मी ही नाही," असं म्हणत तिने पाना फिरवला आणि काळी वायर बाजूला केली. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला, पाली आणि झुरळं शिरू नयेत म्हणून. चेन पुसून तिला तेल दिलं. मग ती वर गेली आणि कपाटातली गोधडी घेऊन आली. तिच्या आईने जुन्या नऊवारींची शिवलेली.

"ही कशाला?"

"पांघरायला. माहेरी पुण्यात दादा थंडीत स्कूटरवर गोधडीच घालायचे."

"अगं ए बाई, पुण्यात थंडी कोरडी असते! इथे ही गोधडी चार दिवसांत ओली होईल आणि ती ओल गाडीला धरून बसेल. मार्चपर्यंत गंजाचा ढीग उरेल नुसता. सुती चादर घाल एखादी, पातळ. वारा खेळला पाहिजे."

तो एवढं भरभरून बोलला म्हणून त्याचं त्यालाच नवल वाटलं. विभाने गोधडी निमूटपणे घडी घालून ठेवली आणि चादर आणली. पण ती घालायच्या आधी शेवटचं काम राहिलं होतं, गाडी डबल स्टँडवर घ्यायचं. मागचं चाक मोकळं राहिलं की टायर एका जागी दबून सपाट होत नाही.

डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर, पाय स्टँडवर. तिने जोर लावला. गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा गाडी तिच्या अंगावर कलली आणि दिलीप खुर्चीतून उठलाच. त्याने डाव्या हाताने सीट पकडली. पकडली म्हणजे बोटं सीटवर ठेवली. ती घसरून खाली आली.

विभाने गाडी एकटीनेच मांडीवर पेलली आणि सरळ केली.

"पुरे," तो म्हणाला. "विभा, पुरे कर आता हे."

"एकदाच अजून."

"अगं, मी नाही चालवू शकणार पुन्हा." त्याने घसरलेला हात मागे घेतला. "गुरुवारी सांगितलं त्यांनी. कायमचं. मी तुझ्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? गुरुवारी आलात ते थेट टीव्ही लावून बसलात. बातमी चांगली असती तर आधी पोर्चमध्ये गाडीपाशी गेला असतात." तिने मनगटाने कपाळ पुसलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा खचला नव्हता. "तीन दिवस वाट बघतेय, कधी सांगताय म्हणून."

"मग हे सगळं कुणासाठी चाललंय?"

विभाने पाय पुन्हा स्टँडवर ठेवला. यावेळी हातांनी ओढायच्या ऐवजी तिने अंगाचा सगळा भार त्या पायावर टाकला. गाडी मागे सरकली, उचलली गेली आणि खट् आवाज करून उभी राहिली. मागचं चाक हवेत सावकाश फिरत होतं.

"माझ्यासाठी," ती धापा टाकत म्हणाली. "लायसन्सची थिअरी पास झालेय. ड्रायव्हिंग सेंटरमध्ये चालवण्याचे क्लास मार्चमध्ये सुरू होतील, आधीची तारीखच मिळत नव्हती. तोवर गाडी टिकायला हवी."

"तू? या वयात?"

"वय फॉर्मवर खरं खरं लिहिलं होतं. त्यांनी घेतला."

दिलीपने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने आपल्या डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळली.

"आणि मी मागे बसायचं?"

"मग काय!"

"पडेन मी. एकाच हाताने धरून बसता येतं होय?"

"येतं," चादर झटकत विभा म्हणाली. "तीस वर्षं मी एकाच हाताने तुम्हाला धरून बसलेय. दुसऱ्या हातात पिशव्या असायच्या."