टक होण्याआधीचा ठिपका

मी एक जुनी नेलपॉलिशची बाटली आहे. रंग पिवळा, झाकण काळं, उंची तुमच्या अंगठ्याहून थोडी जास्त. मित्रांनो, मोठमोठ्या यंत्रांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. माझी गोष्ट छोटी आहे आणि ती माझ्या हातून झालेल्या चुकीची आहे. मला हात नाहीत, एक बारीकसा कुंचला आहे, पण त्याच्याआड लपायची मला सोय नाही.

मी खरं तर नखांसाठी जन्मले. दुकानात लाल आणि गुलाबी बहिणींच्या मागे कित्येक महिने धूळ खात बसले होते. शेवटी शाळेत जाणाऱ्या एका मुलीने मला उचललं आणि घरी जाऊन दहाही नखं रंगवली. तिच्या आत्याने ती पाहिली आणि म्हणाली, "अगं, कावीळ झाली की काय तुला?" झालं! मुलीने फुरंगटून नखं पुसली आणि मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिथून मला तिच्या बाबांनी काढलं.

बाबा मोटरसायकलच्या शोरूममध्ये मिस्त्री होते. शोरूम पुढून काचेची, थंडगार, पाऊल टाकायला भीती वाटावी इतकी चकचकीत. मागच्या दारातून गेलं की वर्कशॉप. तिथे तेलाचे डाग, हवेच्या नळीचा फुसफुसाट आणि लाकडी फळीवर ओळीने टांगलेले पाने. मिस्त्रींच्या छातीवरचा खिसा हे माझं घर झालं.

काम सोपं होतं. मिस्त्रींकडे एक लांब दांड्याचा पाना होता. बोल्ट आवळताना ठरलेला जोर लागला की तो 'टक' असा आवाज करायचा. टक झालं की मिस्त्री मला उघडायचे आणि बोल्टच्या डोक्यावर एक पिवळा ठिपका ठेवायचे. ठिपका म्हणजे हा बोल्ट मोजून आवळला, आता याला हात लावायचं कारण नाही. आधी टक, मग ठिपका. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. बाकीचे मिस्त्री चिडवायचे, "काय मिस्त्री, आज कुठल्या बोटाला लावायचंय?" ते हसून सोडून द्यायचे.

हळूहळू माझा भाव वाढला. मॅनेजरसाहेब गिऱ्हाइकांना वाकून ठिपका दाखवायचे. "हा पिवळा ठिपका दिसला ना, की डोळे झाकून गाडी चालवा." हे ऐकून मी फुगायचे. बोल्ट आवळतो तो पाना, मी नुसती वर बसते, हे मी पार विसरून गेले होते.

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं. एका विशिष्ट मॉडेलच्या गाड्यांमध्ये पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट ढिले पडू शकतात, म्हणून सगळ्या गाड्या परत बोलवा आणि नवे बोल्ट मोजून आवळा, असा हुकूम. याला तिथे रिकॉल म्हणतात. आमच्याकडे अशा बावीस गाड्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं, म्हणजे कटकट एकदाच मिटेल.

त्या सकाळी पहिल्या गाड्यांमध्ये एक टेलरताई आल्या. त्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं आणि शिवलेले गठ्ठे त्या स्वतःच मोटरसायकलवरून पोचवायच्या. सोबत नवरा होता आणि त्याची भुणभुण चालू होती. "दोन बोल्टांसाठी अर्धा दिवस घालवायचा? कोपऱ्यावरच्या आपल्या माणसाने पाच मिनिटांत करून दिलं असतं."

"कोपऱ्यावरचा अंदाजाने आवळतो," ताई म्हणाल्या. "हे मोजून आवळतात. म्हणून तर इथे आणली."

मित्रांनो, हे वाक्य मी खिशातून ऐकलं. ते मला अजून टोचतं.

नेमकी तेव्हा मी म्हातारी व्हायला लागले होते. माझा रंग घट्ट होत चालला होता. एरवी मिस्त्री आठवड्याला दोन थेंब थिनर घालून मला ताळ्यावर आणायचे, पण त्या धांदलीत राहून गेलं. पहिल्या सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. मिस्त्रींनी सगळ्यांचे जुने बोल्ट काढले आणि नवे हाताने फिरवून बसवले. मग मला उघडलं, तर कुंचल्याला तार सुटली. ते पुटपुटले, "हिला दर वेळी उघडत बसलो तर दुपारपर्यंत दगड होईल." आणि त्यांनी काय केलं? एका दमात सहाही गाड्यांना ठिपके लावून टाकले. आवळायचं मागून.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच टकच्या आधी ठिपका लागला होता. मी घट्ट झाले नसते तर हे घडलंच नसतं.

मिस्त्रींनी पाना घेतला. पहिली गाडी, दोनदा टक. दुसरी, तिसरी, चौथी. तेवढ्यात साहेबांनी पुढून, शोरूममधून हाक मारली. कुणीतरी गिऱ्हाईक आवाज चढवून बोलत होतं. पाचवी आणि सहावी तशीच राहिली. पाचवी टेलरताईंची होती.

मिस्त्री परत आले तर ओळ रिकामी. गाड्या धुणारे काका सगळ्या घेऊन गेले होते.

"सहाही नेल्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"ठिपके होते की सगळ्यांवर," काका म्हणाले.

मिस्त्रींनी गाड्या धुण्याच्या जागेकडे एकदा पाहिलं. त्यांची छाती माझ्या काचेला लागून होती, तिची धडधड मला कळली. मग पुढच्या सहा गाड्या आल्या आणि ते कामाला लागले. केल्या असतील आपणच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मीही घातली. पुढे काउंटरवर साहेब टेलरताईंना माझा ठिपका दाखवत होते.

नवव्या दिवशी ताईंची गाडी टेम्पोतून परत आली. एका वळणावर ब्रेक दाबताच एक बोल्ट गळून पडला होता, ब्रेक चाकात अडकला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. ताई उजव्या हातावर पडल्या. मागून त्या आल्या तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. अंगठा दोन ठिकाणी मोडला होता. टेलरचा उजवा अंगठा, मित्रांनो, त्यावरच तर कात्री चालते.

साहेब गाडीशी वाकले. उरलेल्या बोल्टवर माझा ठिपका होता. "आमचं काम चोख आहे," ते सरळ होत म्हणाले. "हा बघा ठिपका. ताई, मधे तुम्ही बाहेर कुणाला तरी हात लावू दिला असणार."

"कुणाला लावू देईन? तुमच्यावर विश्वास होता म्हणून घरातल्या माणसाशी वाद घातला मी." ताईंचा आवाज चढला नव्हता. नवरा त्यांचा प्लास्टरचा हात सावरून उभा होता. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मिस्त्री गुडघ्यावर बसून ठिपक्याकडे बघत राहिले. तो गोल, चकचकीत आणि फार देखणा होता. तिथेच घोटाळा होता. ओल्या ठिपक्यावर पाना चढला असता तर त्याची कड खरवडली असती. या ठिपक्याला पाना लागलाच नव्हता. त्यांनी दोन बोटांनी बोल्ट फिरवला. तो फिरला.

मिस्त्रींनी तोंड उघडलं नसतं तर दोष ताईंच्या माथी बसला असता आणि नोकरी वाचली असती. पण सहावी गाडीही अजून रस्त्यावरच होती आणि ती कुणाची हे त्यांना आठवत नव्हतं.

"साहेब, ठिपका मी आधी लावला," मिस्त्री म्हणाले. "आवळायचं राहिलं. ताईंनी कुणाला हात लावू दिलेला नाही. आणि अशीच आणखी एक गाडी बाहेर आहे. बावीसही परत बोलवायला लागतील."

"वेड लागलंय का? बावीस लोकांना सांगू, आम्ही चुकलो म्हणून?"

"मग मी सांगतो. फोन द्या इकडे."

आणि त्यांनी खरंच सांगितलं, एकेकाला, ताईंच्या देखत. "शंका होती, तरी मी तपासलं नाही," हे वाक्य ते प्रत्येक फोनवर म्हणत होते. संध्याकाळपर्यंत सहावी गाडी सापडली. एक बाबा तिच्यावरून रोज आपल्या मुलीला शाळेत सोडत होते. त्या गाडीचे दोन्ही बोल्ट नुसत्या बोटांनी निघाले. मिस्त्रींनी ते माझ्याशेजारी खिशात टाकले.

ताईंची गाडी दुरुस्त झाली त्या दिवशी त्या आत वर्कशॉपमध्ये आल्या. गिऱ्हाइकांनी आत यायचं नाही अशी पाटी होती, पण त्यांना कुणी अडवलं नाही. मिस्त्रींनी पहिला बोल्ट आवळला. टक. दुसरा. टक. मग मला थिनर घालून हलवलं आणि ताईंसमोर धरलं.

"ठिपका तुम्ही लावा, ताई."

त्यांनी डाव्या हाताने लावला. ठिपका वाकडा पडला, थोडा ओघळलाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात बेढब ठिपका तो, आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने स्वतःच्या कानांनी टक ऐकून लावलेला.

मिस्त्रींनी मला ताईंकडेच ठेवलं. आज मी त्यांच्या शिलाईयंत्राशेजारी असते. आत रंग वाळून खडा झाला आहे. प्लास्टर निघालं, पण अंगठा पुरता वाकत नाही. कात्री आता नवरा चालवतो आणि ताई खडूने रेघ आखून देतात. त्या माझ्यावर रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर हिशोब चुकता झाला असता.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी गाडी दुरुस्तीला नेईल तेव्हा जरूर चांगल्या ठिकाणी न्यावी. पण ठिपका बघून परत फिरू नका. आत जाऊन उभे राहा आणि म्हणा, "काका, पाना लावा, मला टक ऐकायचंय." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येणार नाही. आमचे मिस्त्री तर आता स्वतःच गिऱ्हाइकाला हाक मारून जवळ बोलावतात आणि आवळण्याआधी म्हणतात, "कान द्या."